ताईचं व्हिटॅमिन डी : ९ वरून १३४ वर कसं गेलं आणि सर्दी तिथेच का राहिली

ताईची परवानगी घेऊनच लिहितोय, तीच म्हणाली की लिही, आकड्यांसकट लिही, म्हणजे दुसरं कुणी माझ्यासारखं करणार नाही. वय ३९, घरात ३ वर्षांचा मुलगा, नोकरी शिफ्टची, महिन्यातले जवळपास १२ दिवस नाइट. बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू. बाकी मोठं आजारपण कधीच नाही. तक्रार एकच, ती म्हणजे सर्दी. वर्षभरात तिच्या हिशोबाने ९ वेळा, आणि प्रत्येक वेळी "माझी इम्युनिटीच गेलीये" हे वाक्य ठरलेलं.

त्याच काळात तिच्या मांड्या आणि कंबर दुखायला लागली होती. जिना चढताना कठडा धरायची, खाली बसली की उठताना हात टेकायची. आम्ही सगळ्यांनी ते थकवा म्हणून सोडून दिलं, मीसुद्धा. सर्दीसाठी डॉक्टरकडे गेली तेव्हा जाता जाता पाय दुखतात असं बोलली आणि डॉक्टरांनी ते धरलं. रक्त तपासलं तर २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ९ नॅनोग्रॅम, पॅराथायरॉइड हॉर्मोन (रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की ते वर आणणारं) वाढलेलं, अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाडांशी संबंधित एन्झाइमही थोडं वर. म्हणजे नुसता रिपोर्टवरचा आकडा कमी आला असं नव्हतं, शरीराने कमतरता भरून काढायला हाडांतून कॅल्शियम ओढायला सुरुवात केली होती. ही खरी कमतरता. हे आधीच सांगतो कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की डीची गोळीच फालतू, तर तसं अजिबात नाही.

कमतरता का झाली हेही सरळ होतं. नाइट करून सकाळी झोपायचं, दुपारी उठायचं, आणि "मी ऊन घेते ना रोज" म्हणजे काय तर बंद खिडकीच्या काचेमागे खुर्ची टाकून बसायचं. आता त्वचेत डी तयार होतं ते अल्ट्राव्हायोलेट बी किरणांमुळे, आणि साधी काच ते किरण जवळजवळ सगळेच अडवते. ऊब लागते, उजेड मिळतो, डी मिळत नाही. त्यात वजन जास्त असलं की डी चरबीत जाऊन बसतं आणि रक्तातला आकडा कमी दिसतो, त्वचा सावळी असली की तेवढंच डी बनायला ऊन जास्त वेळ लागतं. ताईच्या बाबतीत हे सगळंच थोडं थोडं होतं.

डॉक्टरांनी लिहून दिलं ते असं : ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, ८ आठवडे. त्यानंतर रोज १००० युनिट. तीन महिन्यांनी परत तपासणी. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, अक्षर स्वच्छ आहे, समजायला अवघड काही नाही.

आणि ८ आठवड्यांत फरक पडला, चांगलाच पडला. मांड्यांचं दुखणं गेलं, जिना हात न धरता चढायला लागली, मुलाला उचलून घ्यायला लागली. रिपोर्ट ३४ आला. इथे प्रकरण संपायला हवं होतं.

मग सर्दी झाली

नवव्या आठवड्यात परत नाक वाहायला लागलं आणि ताईचं मन खट्टू झालं. तिच्या डोक्यात डी आणि सर्दी हे एकमेकांना इतके घट्ट बांधले गेले होते की सर्दी झाली म्हणजे डी अजून कमीच पडतंय असं तिने ठरवून टाकलं. त्यात कुणीतरी तिला सांगितलं की ३४ म्हणजे फक्त पास झालीस, इम्युनिटीसाठी ८० ते १०० पाहिजे. तिने रोजची १००० ची गोळी सुरूच केली नाही, ६०,००० वालीच चालू ठेवली, आणि आठवड्यातून एकदाच्या ऐवजी दोनदा. डॉक्टरांना विचारलं नाही. का विचारलं नाहीस म्हटलं तर तिचं उत्तर, "अरे व्हिटॅमिन आहे ते, औषध थोडीच आहे." हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही.

नंतर मी कागदावर बेरीज केली. आठवड्याला १,२०,००० म्हणजे रोजचे साधारण १७,०००. शिवाय कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, त्या प्रत्येकीत ५०० युनिट डी आधीच घातलेलं. शिवाय मल्टिव्हिटॅमिन, त्यात ४००. एकूण रोज १८,५०० युनिट. मोठ्या माणसाने देखरेखीशिवाय रोज ४००० च्या वर जाऊ नये अशी अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये घातलेली मर्यादा आहे, आणि ७० वर्षांपर्यंतच्या माणसाची रोजची गरज त्यांनी धरलीये ६०० युनिट. तीन वेगवेगळ्या डब्यांवर तीन वेगवेगळी नावं, आत डी तेच, आणि बेरीज कुणीच करत नव्हतं. मी पण नाही, आणि त्यातले दोन डबे मीच आणून दिले होते.

हे पाच महिने चाललं. त्या पाच महिन्यांत तिला सर्दी किती वेळा झाली? चार वेळा. म्हणजे आधीच्याच वेगाने, किंबहुना जराशी जास्तच. पण प्रत्येक सर्दीनंतर तिचा विश्वास कमी न होता वाढायचा, की डी नसतं तर अजून वाईट झालं असतं.

चौथ्या महिन्यापासून तिला तहान खूप लागायला लागली. रात्री तीन-चारदा लघवीला उठायची. पोट साफ होईना, जेवणावरची वासना गेली, मळमळ. नंतर नंतर बोलताना मध्येच थांबायची, शब्द आठवायचा नाही. आम्हाला वाटलं शुगर, पण शुगर नॉर्मल आली. मग एक दिवस कामावर चक्कर येऊन बसली आणि दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिलं काय विचारलं तर घरी कुठल्या कुठल्या गोळ्या घेता, सगळ्या सांगा, "व्हिटॅमिन, पावडर, ताकदीच्या गोळ्या, ज्यांना तुम्ही औषध समजत नाही त्यासुद्धा." ताईने बीपीची एकच सांगितली. मी घरी जाऊन सगळे डबे पिशवीत घालून आणले तेव्हा मॅडमनी ते टेबलावर ओळीने मांडले आणि लगेच कॅल्शियम तपासायला पाठवलं. कॅल्शियम ११.८, जे साधारण साडेदहाच्या आत असायला पाहिजे. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालतंय का ते दाखवणारा आकडा, ०.८ वरून १.२. पॅराथायरॉइड हॉर्मोन आता उलट अगदी तळाला, कारण रक्तात कॅल्शियम एवढं असल्यावर त्याचं कामच उरत नाही. आणि डी? १३४.

डीचा विषारी परिणाम बहुतेक वेळा १५० च्या वर दिसतो असं म्हणतात, मग १३४ ला एवढं का झालं? उत्तर बीपीच्या गोळीत होतं. तिच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड होतं, ते लघवीवाटे कॅल्शियम बाहेर जाऊ देत नाही, मूत्रपिंडात अडवून धरतं. म्हणजे डी आतड्यातून कॅल्शियम जास्त ओढतंय, वरून कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत, आणि बाहेर जायचा रस्ता बीपीच्या गोळीने अरुंद केलाय. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या बघितल्या तर प्रत्येकीला कारण होतं, एकत्र आल्या आणि ताई आडवी झाली. थायाझाइडवाली बीपीची गोळी चालू असेल तर डी आणि कॅल्शियम सुरू करण्याआधी डॉक्टरला ते सांगा, हे मला इथे अगदी ठासून सांगायचंय.

उपचार फार नाट्यमय नव्हते. डी बंद, कॅल्शियम बंद, बीपीची गोळी बदलली, सलाइन आणि भरपूर पाणी, दोन दिवस ॲडमिट. त्रास हा की डी चरबीत साठतं, त्यामुळे गोळी बंद केली म्हणून आकडा लगेच उतरत नाही. दोन आठवड्यांनी कॅल्शियम १०.९, सहा आठवड्यांनी १०.१ आणि क्रिएटिनिन पुन्हा ०.८. डी मात्र तीन महिन्यांनीही ७१ होतं, एकही गोळी न घेता.

डी आणि इम्युनिटीचं नातं खोटं आहे का

नाही. हाच प्रश्न मी मॅडमना विचारला आणि नंतर स्वतः महिनाभर वाचत बसलो. संबंध खरा आहे. आपल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये, म्हणजे मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी), टी पेशी यांच्यात डीचे रिसेप्टर, म्हणजे डीला ओळखून पकडणारी प्रथिनं, असतात. मॅक्रोफेजला जंतूची चाहूल लागली की तो रक्तातलं साठ्याचं डी आत घेऊन स्वतःच त्याचं कामाचं रूप बनवतो, मूत्रपिंडावर अवलंबून राहत नाही, आणि त्यातून कॅथेलिसिडिन नावाचं जंतू मारणारं प्रथिन तयार होतं. २००६ मध्ये सायन्स या नियतकालिकात हे दाखवणारं काम आलं, तेही टीबीच्या जंतूवर. ज्यांच्या रक्तात डी कमी त्यांच्या रक्तद्रवात ठेवलेल्या पेशी कॅथेलिसिडिन कमी बनवत होत्या, डी घातल्यावर ते वाढलं. त्याच्या कितीतरी आधी, डीचं नावही नव्हतं तेव्हा, नील्स फिनसेनला १९०३ चं नोबेल त्वचेच्या टीबीवर प्रकाशाचे उपचार केल्याबद्दल मिळालं होतं.

पण त्यातच एक गोष्ट आहे जी "इम्युनिटी बूस्टर" म्हणणारे कधीच सांगत नाहीत. तेच डी टी पेशींना शांतही करतं. एकीकडे पहारेकऱ्याच्या हातात काठी देतं, दुसरीकडे जास्त चवताळलेल्याला मागे ओढतं. व्हायटल नावाचा मोठा अमेरिकन ट्रायल, म्हणजे काहींना गोळी देऊन आणि काहींना न देता तुलना करणारी चाचणी, झाला, २५,८७१ माणसं, रोज २००० युनिट, पाच वर्षांहून थोडं जास्त. त्यात कॅन्सर किंवा हार्टचे आजार होणं कमी झालं नाही, पण ऑटोइम्यून आजार, म्हणजे जिथे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते, डीच्या गटात २२ टक्के कमी दिसले. हे वाढवण्याचं काम आहे का आवरण्याचं? प्रतिकारशक्ती ही टाकी नाही की जितकं ओताल तितकी भरेल, आणि बूस्ट या शब्दाने ताईच्या डोक्यात नेमकी तीच टाकी बसवली होती.

सर्दी-खोकल्याचं बघायचं तर २०१७ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २५ ट्रायल एकत्र करून केलेला अभ्यास आला, जवळपास ११,००० माणसांचा. श्वासमार्गाची इन्फेक्शन थोडी कमी झाली, पण खरा फायदा कुणाला? ज्यांची पातळी सुरुवातीला १० च्या खाली होती आणि ज्यांनी डी रोज किंवा आठवड्याला घेतलं त्यांना. ज्यांना महिन्यातून वगैरे एकदम मोठा डोस दिला त्यांना फायदा दिसला नाही. मग २०२१ मध्ये ४३ ट्रायलची बेरीज झाली. निदान एक इन्फेक्शन झालेले लोक डीच्या गटात १०० पैकी साधारण ६१ आणि नुसत्या प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या, गटात ६२. एवढाच फरक. २०२५ मध्ये अजून ट्रायल मिळवून ६४,००० लोकांवर परत बघितलं तर तो छोटा फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही.

कोविडमध्ये तर सगळ्यांनीच आशा लावली होती. ज्यांचं डी कमी ते जास्त आजारी, असं सगळीकडे दिसत होतं. पण माणूस आजारी पडला, अंगात सूज वाढली की रक्तातलं डी आपोआप खाली येतं, शिवाय जो आधीच अशक्त आहे, घराबाहेर पडत नाही, त्याचंही डी कमीच असतं. मग डी कमी म्हणून आजार की आजार म्हणून डी कमी, हे नुसतं बघून कळत नाही, ट्रायलच करावा लागतो. ब्राझीलमध्ये दवाखान्यात भरती कोविड पेशंटना एकदम २,००,००० युनिट दिले, दवाखान्यातले दिवस कमी झाले नाहीत. ब्रिटनमध्ये ६२०० लोकांच्या ट्रायलमध्ये, ज्यांचं डी कमी निघालं त्यांना रोज ८०० किंवा ३२०० युनिट देऊ केले, सहा महिने, तरी श्वासाची इन्फेक्शन किंवा कोविड कमी झाला नाही.

आणि मोठ्या डोसबद्दल एक अभ्यास मला खूप लागून राहिला. ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातून एकदाच ५,००,००० युनिट दिले, हेतू हाडं मोडू नयेत हा. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा डी घेतलेल्या बायकाच जास्त पडल्या होत्या आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली होती. जास्त म्हणजे चांगलं हे डीच्या बाबतीत हाडांनासुद्धा लागू होत नाही, मग इम्युनिटीचं काय घेऊन बसायचं.

आता ताईच्या केसमध्ये हे लावून बघा. ९ वर असताना ती नेमकी त्या गटात होती ज्याला फायदा व्हायची शक्यता सगळ्यात जास्त. ते ८ आठवडे योग्य होते. ३४ वर आल्यानंतर डीकडून सर्दीसाठी मिळण्यासारखं जे काही होतं ते मिळून गेलं होतं. त्यापुढचं प्रत्येक पाकीट नुसतं मूत्रपिंडावर ओझं.

मग नऊ सर्द्या कसल्या होत्या

हा प्रश्न आधी कुणीच विचारला नव्हता, कारण डी ९ सापडलं आणि सगळ्यांना उत्तर मिळाल्यासारखं झालं. मॅडमनी मात्र ताईला वही दिली. नाक कधी वाहतं, पाणी पातळ की घट्ट, ताप, घसा, अंगदुखी, शिंका किती, डोळे खाजतात का, रात्री किती झोप झाली, मुलाला सर्दी होती का. तीन महिने रोज लिहायचं. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांची, पातळी तपासली, दोन्ही नॉर्मल. मॅडमनी सांगितलं की प्रतिकारशक्ती खरंच दुबळी असेल तर नुसत्या सर्द्या होत नाहीत, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, सायनस आणि कान सारखे पिकतात, अँटिबायोटिकचे कोर्स होऊनही बरं वाटत नाही, वजन उतरतं. ताईला यातलं काहीच नव्हतं.

वहीत दिसलं ते असं. तीन महिन्यांत पाच "सर्द्या". त्यातल्या तिनांमध्ये ताप नाही, घसा नाही, अंगदुखी नाही, सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका सलग, नाक पाण्यासारखं, डोळे आणि टाळू खाजतात, आणि दोन-तीन आठवडे रेंगाळतं. ही ॲलर्जी. व्हायरसची सर्दी आठ-दहा दिवसांत आवरती घेते. उरलेल्या दोन खऱ्या सर्द्या होत्या आणि दोन्ही वेळा आधी भाचा आजारी, तो तेव्हा नुकताच डे केअरला जायला लागला होता. मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीन सर्द्या होणं अगदी नॉर्मल आहे आणि घरात छोटं मूल असलं तर त्याहूनही जास्त.

आणि झोप. नाइटच्या आठवड्यात ताईची सरासरी पाच तासांच्या आत होती. २०१५ चा एक प्रयोग आहे, १६४ निरोगी माणसांची झोप आठवडाभर मोजली आणि मग मुद्दाम त्यांच्या नाकात सर्दीचा व्हायरस सोडला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. ताईला ते दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. गोळी घेणं तिच्या हातात होतं, शिफ्ट नव्हती, हे मी समजू शकतो. झोप मागायला नोकरीच्या ठिकाणी तोंड उघडावं लागतं, पाकीट फोडायला नाही.

तिने तोंड उघडलं. नाइट १२ वरून ६ वर आल्या, एवढंच जमलं. नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे रोज चालू केला, मॅडमनी दोनदा समोर बसवून मारायची पद्धत दाखवली कारण बहुतेक लोक तो मधल्या पडद्यावर मारतात, नोझल जरा बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने धरायचं असतं. शिंका तिसऱ्या आठवड्यात निम्म्यावर आल्या.

डीचं म्हणाल तर आकडा हळूहळू उतरू दिला, ३८ ला आल्यावर रोज १००० युनिट परत चालू केले, जेवणाबरोबर, कारण ते स्निग्ध पदार्थासोबत नीट शोषलं जातं. बंद केलं नाही, कारण तिच्या जगण्यात ऊन अजूनही कमीच आहे आणि मांड्यांचं ते दुखणं परत नकोय. कॅल्शियमची वेगळी गोळी मॅडमनी काढून टाकली. दर काही दिवसांनी डी तपासत बसायचं नाही असंही सांगितलं. आकडा दिसला की तो वाढवावासा वाटतो, हे ताईने स्वतःच कबूल केलं. एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शनात निरोगी मोठ्या माणसांची सरसकट डी तपासणी नको असं म्हटलंय, आणि पूर्वी त्यांनीच दिलेला ३० चा उंबरठा मागे घेतलाय. जास्तीचा डोस कुणासाठी विचारात घ्यायचा तर लहान मुलं, ७५ च्या पुढचे, गरोदर बायका, आणि प्रीडायबेटिस (शुगर वाढलेली, पण अजून डायबेटिस नाही) असलेले, असं त्यांचं म्हणणं.

वही ती अजून लिहिते. गेल्या सहा महिन्यांत दोन खऱ्या सर्द्या, दोन्ही भाच्याच्या कृपेने. दुसऱ्या वेळी तिचा फोन आला, आवाज बसलेला, मी आपसूक विचारलं की ताई, गोळी चालू आहे ना. ती म्हणाली, "चालू आहे, एकच आहे, आणि आज रात्री कामाला सांगितलंय की येत नाही, मी झोपणारे."